अंगणात डाग नाही, तरी तेल कमी: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जॉबकार्ड काढलं, ज्यांनी काम केलं त्या मिस्त्रींशी बोललो आणि मगच लिहायला बसलो. उत्तराला दोन दिवस लागले ते त्यामुळे.

वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. 1997 ची मारुती 800 ऑइल लीकसाठी आमच्याकडे आली, 3,850 रुपये बिल झालं. त्यानंतर कोल्हापूर-रत्नागिरी दोन फेऱ्या, साधारण 600 किलोमीटर झाले आणि तेलाची पातळी मोजायची पट्टी बघितली तर पाऊण लिटर तेल गायब. तुमचं म्हणणं, आम्ही पॅकिंग बदललंच नाही, नुसतं इंजिन धुऊन दिलं. दुसऱ्या एका गॅरेजने पूर्ण इंजिन कामाला काढायला सांगितलंय, 28 हजार.

आधी बिलाचं. त्यावर 'ऑइल लीक काम' एवढीच एक ओळ होती, ही आमची चूक. फोड अशी: ऑइल आणि फिल्टर 1,450, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना करंट वाटणारा भाग) रबरी ओ-रिंग आणि ऑइल प्रेशर स्विच मिळून 700, मजुरी 1,400, इंजिन धुणं 300. जुनं पॅकिंग बोटाने वाकवलं तर तुटलं, इतकं कडक झालं होतं. काढलेले तिन्ही पार्ट पिशवीत ठेवलेत, आल्यावर दाखवतो.

ओ-रिंगचं जरा सविस्तर सांगतो, कारण 800 वाल्यांना याच ठिकाणी नाहक खर्चात पाडलं जातं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. तिथून झिरपलेलं तेल बेल हाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावरून, खाली उतरतं. खालून बघितलं की क्रँकचं मागचं सील गेलंय असं वाटतं, आणि सील म्हटलं की गिअरबॉक्स उतरवणं आलं. म्हणून आम्ही आधी इंजिन धुतो, चालवतो आणि तेल वरून कुठून येतंय ते बघतो. धुण्याचे 300 रुपये त्याचे आहेत, चकाचक दिसण्याचे नाहीत.

आता तुमच्या रिव्ह्यूतल्याच एका वाक्याकडे येतो. अंगणात डाग नाही असं तुम्ही लिहिलंय. पूर्वी रोज सकाळी पुठ्ठा घालायला लागायचा, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. म्हणजे गळती थांबली. तरी तेल जातंय, म्हणजे ते आत जळतंय. पाऊण लिटर बाहेर सांडलं असतं तर गाडीचं पोट तेलाने माखलं असतं.

आणि इथे आम्ही चुकलो. गाडी आमच्याकडे असतानाच दोन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काळा, तेलकट निघाला होता. प्लग आम्हाला सांगत होता, आम्ही तो घासून परत बसवला. मिस्त्री म्हणतात, गाडी न्यायला आलेल्या तुमच्या भाच्याला तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगणं म्हणजे न सांगणंच. कार्डावर लिहायला हवं होतं, तुम्हाला फोन करायला हवा होता. तुम्हाला त्याच संध्याकाळी निघायचं होतं हे खरं, पण ती सबब होत नाही.

माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर आहे. तीन सिलिंडरचे मिळून सहा व्हॉल्व्ह, त्यांची रबरी सीलं वयाने कडक होतात. आंबा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी येते, तेव्हा इंजिन हवा जोरात ओढतं आणि त्या ओढीने तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली जातं. साखरप्याच्या अलीकडे सपाटीला लागून पाय दिला की मागे निळा धूर. तुमच्या मागे येणाऱ्या कुणालातरी विचारून बघा. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर धूर चढाला, लोड आल्यावर जास्त येतो आणि ऑइल भरायचं झाकण काढलं की वाफा मारतात.

पण संशयावर इंजिन खोलायचं नसतं, 28 हजारांना तर नाहीच. गरम इंजिनवर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यायचं, मग प्रत्येकात चमचाभर तेल घालून पुन्हा घ्यायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा. वाढला नाही आणि तिन्ही सारखे असले तर बहुतेक सीलं. बहुतेक म्हणतोय, कारण ऑइल रिंग खाचेत चिकटली असेल तर कॉम्प्रेशन चांगलं दाखवूनही गाडी तेल खाते. सीलांचं काम आम्ही हेड उतरवूनच करतो. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ते गाइड झिजलं असेल तर नवं सील फार टिकत नाही, आणि ते हेड हातात आल्याशिवाय नीट कळत नाही. हेड तपासायला उद्यमनगरात पाठवतो, तिथली पावती तुम्हाला मिळेल.

तपासणीचे पैसे घेणार नाही. सीलं निघाली तर मजुरी निम्मी. रिंगा निघाल्या तर आकडे लेखी देतो, काम कुठेही करा.

तोवर जाडं ऑइल किंवा बाटलीतलं औषध घालू नका, त्याने खरं दुखणं झाकतं. दर 200 किलोमीटरला सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो तेलाचं प्रेशर सांगतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं.

सोमवारी आम्ही बंद असतो. बाकी कुठल्याही दिवशी संध्याकाळी गाडी इथे आणून ठेवा आणि सकाळी साडेनऊला या. रात्रभर थंड झालेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना सायलेन्सरमधून काय येतं, ते तुमच्यासमोर बघायचंय.