मडगावच्या डॉक्टरबाबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरबाब,

रुग्णांच्या नोंदींवरून कर्करोगाच्या औषधांची तुलना करता येते, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "यादृच्छिक चाचणीशिवाय (म्हणजे कुणाला कुठलं औषध ते चिठ्ठी टाकून ठरवल्याशिवाय) अशी तुलना म्हणजे म्हापशाच्या बाजारातल्या गप्पा. संप्रेरकांचं 2002 साली काय झालं ते आठवा. नोंदी अर्धवट असतात. रुग्णाच्या घरच्यांनी संख्याशास्त्र शिकवू नये."

नोंदी अर्धवट असतात, हे मान्य. पण शेवटचं वाक्य कशासाठी? एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात केसपेपर लावण्यातच माझी सगळी नोकरी सरली. कुठल्या कागदावर काय लिहायचं राहतं, हे मला मडगावाहून कुणी सांगायला नको. आणि हो, मी रुग्णाच्या घरचाच आहे. आईला फुप्फुसाचा कर्करोग झाला तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती, मधुमेह होता, मूत्रपिंडं नाजूक. केमोथेरपीचं सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडांना झेपणार नाही म्हणून त्याच जातीचं कार्बोप्लॅटिन दिलं. तुमच्या चाचण्यांत अशा बाईला सहसा घेतच नाहीत. मग तिच्यासाठी काय बरं, हे कुठे शोधायचं? आम्ही विचारलं की भावना, तुम्ही विचारलं की विज्ञान?

लेखात मी स्पष्ट लिहिलं आहे की कार्बोप्लॅटिनवाले नोंदींत लवकर गेलेले दिसले, तरी दोष औषधाचाच असतो असं नाही. ते मुळात जास्त थकलेल्यांना दिलं जातं. म्हणून वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती चालतात ते दाखवणारी रक्ततपासणी), रोगाचा टप्पा जुळवून सारख्याला सारख्याशी ताडायचं, आणि मोजणी दोन्हीकडे उपचार ठरल्या दिवसापासून करायची. औषध सुरू होण्याआधीच दगावलेल्यांना गाळलं, तर औषधाला फुकटचं श्रेय मिळतं. हा परिच्छेद तुम्ही वाचलात तरी का?

संप्रेरकांची गोष्टही अर्धीच सांगितलीत. पाळी थांबल्यावर घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्या हृदयाला जपतात असं नोंदींत दिसलं होतं, 2002 सालच्या चाचणीत उलटंच निघालं, हे खरं. पण अमेरिकेतल्या परिचारिकांच्या नोंदींवरच्या त्या जुन्या अभ्यासात आधीपासून गोळ्या घेणाऱ्या बायकाही मोजल्या होत्या. त्याच परिचारिकांच्या नोंदी गोळी सुरू केल्यापासून मोजून 2008 साली पुन्हा तपासल्या, तेव्हा हृदयविकाराबाबतचा निष्कर्ष चाचणीच्या बराच जवळ आला. आणि पुरुषांच्या स्तनकर्करोगासाठी पाल्बोसिक्लिब या औषधाला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली, तीही बव्हंशी नोंदींच्या आधारावर, कारण चाचणीपुरते पुरुष रुग्ण मिळणंच कठीण.

चाचण्या नकोत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. बाजारगप्पांच्या शेऱ्याला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. कार्बोप्लॅटिनच्या परिच्छेदात चूक असेल तर नेमकी दाखवा, जशीच्या तशी छापीन. आमची लायकी काढणारं मात्र यापुढे इथे छापलं जाणार नाही.