सीमारेषा जरा खाली घ्या, डॉक्टर!

पाटी वाचण्यात बेळगावकराचा हात कोणी धरणार नाही. कन्नड ६० टक्के आहे का, मराठी अक्षरं बोटभर तरी आहेत का, इंग्रजी मध्येच कुठं घुसलंय, हे रामदेव गल्लीतून दुचाकी न थांबवता सांगणारी माणसं आपल्याकडं घरटी एक आहेत. तेव्हा केस लावून घ्यायला, नाक सरळ करायला किंवा पोटावरची चरबी काढायला क्लिनिकात जाल, तेव्हाही हीच नजर वापरा. भाषा नीट तपासा. खालच्या कोपऱ्यात केपीएमईचा नोंदणी क्रमांक असतो किंवा नसतो, तिकडं बघू नका. कर्नाटकात २००७ च्या कायद्याखाली प्रत्येक खासगी दवाखान्याला ही नोंदणी लागते. ॲलोपॅथीची पाटी निळी आणि आयुर्वेदाची हिरवी असावी, असंही आरोग्य खात्यानं सांगून ठेवलंय. पण रंग बघत बसायला आपण काय शहापुरात साडी घ्यायला निघालोय?

आत गेल्यावर नावापुढची अक्षरं वाचायचा मोह होईल. आवरा. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग सर्जरीत एमएसची तीन, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएचची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षं घालवलेला माणूस तुमच्याशी गोड बोलेलच असं नाही. त्याच्यापेक्षा दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लावलेला बरा. चौकट तरी भारी असते. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून केशरोपण शिकता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ साली लेखी सांगावं लागलं. आयोगाला असलं काही लिहावं लागतं म्हणजे बाहेर काय चाललं असेल, असले विचार मनात आणू नका. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द तर फारच छान आहे. त्यातून शस्त्रक्रियेचं कुठलंच शिक्षण कळत नाही, आणि ऐकायला मात्र एमसीएचपेक्षा जड वाटतो. डॉक्टरचं नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतं, दोन मिनिटंही लागत नाहीत. पण सोबत आलेला मित्र म्हणेल, “एवढं काय विचारूलास? चांगला हाय की डाक्टर!” त्याचंच ऐका. एक गुंठा जागा घेताना उतारा तीन वकिलांना दाखवणारा हाच तो मित्र.

आता केसांकडं वळू, कारण सीमाभागातल्या तरुणाची खरी सीमा कपाळावर असते. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा. रेघ कुठं मारायची यात आपल्या तीन पिढ्या गेल्या. कपाळावरची रेघ मात्र क्लिनिकातला समन्वयक मार्कर पेननं दोन मिनिटांत मारून मोकळा होतो. त्याला अडवू नका. उलट, “जरा खाली घ्या,” म्हणा. भुवयांच्या मध्यापासून साधारण सात-आठ सेंटिमीटरवर रेघ असावी, असं जाणकार सांगतात. तुम्ही २२ वर्षांचे आहात, तर पाच सेंटिमीटरवर मागा. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून काढून पुढं लावलेले केस सहसा टिकतात, कारण त्यांच्या मुळांवर टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही. पण त्यांच्या मागचे तुमचे मूळचे केस ठरल्या वेळी गळतच राहतात. म्हणजे चाळिशीत पुढं दाट पट्टा, मागं टक्कल, आणि मधला भाग ना इकडचा ना तिकडचा, केंद्रशासित! गळती थोपवायची तर मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड अशी औषधं डॉक्टरच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. केशरोपणाच्या जाहिरातीत ती सापडत नाहीत, कारण त्यांना हप्त्यांची योजना लागत नाही.

हिशोब करायचाच असेल तर असा असतो. पुढचं उघडं पडलेलं कपाळ समजा ६० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचललेले केसांचे बारीक पुंजके, धरले तर झाले २४००. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. मागचं शेत मात्र ठरलेलं आहे. बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात पाच-सहा हजार ग्राफ्ट निघाले तर डोक्यावरून पाणी, आणि काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही. त्यामुळं ‘अनलिमिटेड ग्राफ्ट, एकच दर’ अशी योजना दिसली की सोडू नका. लग्नाच्या पंगतीत मांडे मोजून खाणारा माणूस कुणाला आवडतो? पुढं कधी केस बारीक कापले की डोक्याची मागची बाजू कसर लागलेल्या घोंगडीसारखी दिसते. ती तुम्हाला कुठं दिसणार आहे?

२४०० ग्राफ्टना सहा-आठ तास लागतात. एक मिलिमीटरहून बारीक, नळीसारख्या पोकळ पंचनं एकेक मूळ काढायचं. पंच केसाच्या तिरकसपणाला धरून गेला नाही तर मूळ मध्येच कापलं जातं. काढलेले ग्राफ्ट थंड सलाईनमध्ये भिजत राहिले पाहिजेत. ट्रेवर पंख्याखाली सुकले तर लावले तरी मेलेलेच. हे काम कोण करतंय? पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टर येतात, तुमच्यासोबत फोटो निघतो, मग ते दुसऱ्या खोलीत जातात आणि पुढचे सात तास हाताखालची मुलं काम करतात. तुम्ही पालथे झोपलेले असता, त्यामुळं काही दिसत नाही. निसर्गाची ही सोय आहे, तिचा मान राखा.

बधिर करण्याच्या इंजेक्शनाचंही तसंच. ॲड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन किलोमागं सात मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. तुमचं वजन ६० किलो असेल तर ४२० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिलिलिटर, बस्स. हा गुणाकार करायचा तर आधी वजन घ्यावं लागतं. तेव्हा खोलीत वजनकाटा दिसला नाही तर समाधान माना, वजनाची लाज वाटायचा प्रसंग टळला. पुढं ओठ मुंग्या आल्यासारखे झाले, तोंडात लोखंडाची चव आली, कानात गुणगुणायला लागलं तर गप्प पडून राहा. त्याच्या पुढची पायरी झटके येण्याची आहे, पण कामात मग्न माणसांना मध्येच हाक मारणं बरं दिसत नाही.

तारीख ठरवताना पंचांग बघा, डॉक्टरला विचारू नका. वैशाखात लग्न असेल तर चैत्रात केस लावा. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, हा नियमच आहे. मुळं आत राहतात, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकवायला लागतात, आणि पुरतं रूप यायला वर्ष जातं. म्हणजे भटजी मंगलाष्टकं म्हणतील तेव्हा डोक्यावर अक्षता पडतील आणि डोक्यावरून केस. नवरीकडच्या मंडळींना दोन्ही गोष्टी एकदमच वेचता येतील. त्याआधी तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर येते, तेव्हा साखरपुडा तेवढा त्या आठवड्यात ठेवू नका. किंवा ठेवा, फोटोग्राफरला काम. खपल्या निघायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर घासणाऱ्या हेल्मेटपासून आणि धुळीपासून जपायचं असतं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत गुलाल अंगावर घेत पहाटेपर्यंत नाचायचं सोडून घरी बसणार का तुम्ही? मग.

नाकाची परंपरा आपली जुनी आहे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या एका मराठा बैलगाडीवाल्याला पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करून दिलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. ती माहीत झालेल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला आणि मगच, १८१४ साली, जिवंत माणसाला हात लावला. कसली ही दिरंगाई! आणि त्या गाडीवाल्याला मुळात नाकच नव्हतं, ही बारीक गोष्ट तुम्ही सोडून द्या. तुमचं आहे, श्वासही नीट चालतो, फक्त सेल्फीत डावीकडून जरा रुंद येतं. सेल्फीत कॅमेरा हातभर अंतरावर असल्यानं सगळ्यांचंच नाक फुगतं, हे ऐकून तुमचा उत्साह जाईल. शस्त्रक्रियेनंतरची नाकाच्या टोकाची सूज पुरी उतरायला वर्षभर लागतं, तोवर दर आठवड्याला आरशात नवा निकाल काढत राहा.

चरबीचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. लायपोसक्शननं वजन उतरतं, असा पक्का समज करून जा. ती वजन उतरवायची शस्त्रक्रिया नाही. ठरावीक जागची चरबी काढून आकार नीट करायची आहे, असं सर्जन म्हणतात, पण कुंद्याचा डबा रिकामा करून झाल्यावर असलं कोण ऐकतं? एका वेळी द्रव धरून पाच लिटरपर्यंत काढणं ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. त्याच्या वर गेलं तर रुग्णाला रात्रभर देखरेखीत ठेवावं लागतं, कारण शरीरातल्या पाण्याचा नि क्षारांचा तोल ढळतो. चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकतात. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड मालिकांतली एक अभिनेत्री गेली. ती २१ वर्षांची होती. तेव्हा भूलतज्ज्ञ कोण, ते शेवटपर्यंत खोलीत थांबणार का, अतिदक्षता विभाग इथंच आहे की रुग्णवाहिकेनं गाव ओलांडून जावं लागेल, हे विचारायचं की नाही? नाही. शुभकार्याला निघताना अशुभ बोलू नये.

त्यातून डॉक्टर ‘व्हिजिटिंग’ असतील तर फारच उत्तम. रविवारी सकाळी बेळगावात उतरायचं, दुपारपर्यंत चार पोटं नि दोन नाकं उरकायची, रात्रीच्या स्लीपरनं परत. शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साकळण्याची भीती पहिल्या २४ तासांत जास्त असते. म्हणजे तुमचं पोट एका बाजूला दगडासारखं घट्ट व्हायला लागेल तेव्हा डॉक्टरांची बस धारवाड ओलांडत असेल आणि फोनला रेंज नसेल. सोमवारी ड्रेसिंगला जी मुलगी येते ती स्वभावानं फार चांगली असते.

निपाणी भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस तंबाखू बंद ठेवा, असं सर्जन सांगतील. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि पोटाची जादा कातडी कापून उरलेली ताणून शिवलेली असताना कडेला रक्त पोचलं नाही की ती काळी पडून गळते. “बिडी नाही ओढत,” असं खुशाल सांगा. मिश्री धरू नका. ते काय, दात घासायचं सामान.

फिलरचं, म्हणजे सुरकुत्या नि खळगे भरायच्या इंजेक्शनाचं, थोडक्यात: भुवयांच्या मध्ये आणि नाकावर टोचताना औषध रक्तवाहिनीत गेलं तर डोळा जाऊ शकतो. हायलुरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायलुरोनिडेज हाताशी ठेवलेलं असावं लागतं. ब्यूटी पार्लरमध्ये ते नसतं, पण थ्रेडिंग फुकट करून देतात. गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोनच्या सलाईनबद्दल एवढंच, की आपल्या देशात त्या कामासाठी त्याला मान्यता नाही. मान्यता नसलेल्या गोष्टीला भाव जास्त.

शेवटी पैसे नि कागद. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती वेगळी. वर जीएसटी १८ टक्के. म्हणून काउंटरवरचा माणूस आवाज खाली करून म्हणतो, “रोख द्या, बिल नको, तेवढे वाचतील.” वाचवा. पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर पावतीऐवजी त्याचा तो खालचा आवाज सादर करता येईल. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांना नियम आहे. मागूच नका, म्हणजे नियम मोडल्याचं पाप कुणाच्या माथी येणार नाही.

संमतीपत्र तुमच्यापुढं येईल तेव्हा तुम्ही हिरव्या गाऊनमध्ये, चष्मा काढलेला, हाताला सुई लावलेली, असे असाल. सहा पानं असतात, इंग्रजीत, फार तर कन्नडमध्ये. काय करणार, कोण करणार, काय बिघडू शकतं, बिघडलं तर खर्च कुणाचा, आणि तुमचे फोटो जाहिरातीत वापरायला हरकत नाही हेही त्यातच चौथ्या पानावर. आदल्या दिवशी घरी न्यायला मागितलं असतं तर कुणाकडून तरी वाचून घेता आलं असतं. सरकारी परिपत्रकं मराठीत मिळावीत म्हणून आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, कोर्टाच्या तारखा केल्या. पण ते सरकारी कागद होते, हा तर नुसता तुमच्या पोटाचा आहे. नर्स पेन घेऊन उभी आहे, फुलीची जागा दाखवतेय. सही मात्र मराठीतच करा.