व्हय म्हाराजा!

गेल्या शनिवारी दुपारी अकरा वर्षांच्या एका पोराने माझा हात हातात घेऊन दोनदा हलवला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "गुड गेम." सामना पाऊण तासात आटोपला होता. माझी झाडून सगळी भुतं मेली होती. आता भुतं मरतात कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर दमानं घ्या. तो माझ्या सासूबाईंनाही पडला होता, आणि त्यांनी तो दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारला होता.

मी नॉटिंगहॅमला राहतो. हे गाव जगाला रॉबिन हूडमुळे ठाऊक आहे, पण ज्यांचा टेबलावरच्या लढायांशी संबंध आहे त्यांच्यासाठी ही पंढरी आहे. वॉरहॅमर, म्हणजे प्लॅस्टिकच्या बोटभर सैनिकांच्या फौजा रंगवून फाशांवर लढवायचा खेळ, तो काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथलंच. १९८३ साली निघालेला हा खेळ माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा न चाखणाऱ्याकडे लोक जसे बघतात, तसे ऑफिसातले लोक माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी एकदाचा हो म्हणालो.

फौज निवडायची होती. मी भुतांची निवडली, नाइटहॉन्ट. कारण अगदी प्रामाणिक होतं: आळस. माणसांची फौज घेतली की डोळ्यांची बुबुळं रंगवावी लागतात, बुटांचे बंद रंगवावे लागतात. भुताला नुसता फाटका झगा आणि वर कवटी. दुकानातला पोरगाही म्हणाला, "नवशिक्याला भुतं बरी." ते 'बरी' मला तेव्हाच टोचलं होतं.

घरी खोका उघडला तेव्हा बायको म्हणाली, "भुतं? एक्केचाळिसाव्या वर्षी?" इथे एक सांगून टाकतो, नाहीतर मनात राहील. माझे साडू गोल्फ खेळतात. क्लबाची वर्गणी, काठ्या, बूट, काठ्यांची पिशवी आणि पिशवीला चाकं, असा सगळा मिळून जो खर्च होतो त्यात माझी भुतं तीन पिढ्या नांदतील. पण ते 'नेटवर्किंग'. मी मात्र 'खेळण्यांशी खेळतो'. गवतातल्या भोकात चेंडू ढकलण्यात कसली प्रौढता आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तर भुतं. स्प्रू नावाच्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक अवयव कातरून काढायचा, कडा घासायच्या, जोडायचं. मग बाहेर नेऊन स्प्रेने अस्तराचा रंग मारायचा. डब्यावर लिहिलेलं असतं, कोरड्या हवेत मारा. इंग्लंडात. मी तीन आठवडे कोरड्या हवेची वाट पाहिली, आणि ज्या दिवशी ऊन पडलं त्याच दिवशी सासूबाईंनीही त्याच उन्हाच्या भरवशावर परकर वाळत घातला. वाऱ्याने कुणाची बाजू घेतली ते सांगायला नको. परकरावर अजून राखाडी धुकं आहे. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "असू दे हो, तुमचा खेळ झाला ना?" जावयाला 'अहो' म्हणून जे ऐकवता येतं ते 'अरे' म्हणून कधीच जमत नाही.

सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आहेत. सिंधुदुर्गातल्या. तेहतीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होत्या, रात्री-बेरात्री कंदील घेऊन वाडीवाडीवर बाळंतपणाला गेलेल्या. त्यामुळे भुतांबद्दल त्यांचं ज्ञान पुस्तकी नाही. एके संध्याकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, चष्मा लावला आणि एक भूत उचलून उलटं करून पाहिलं.

"पाय खंय?" म्हणाल्या. मग लेकीकडे बघून माझ्यासाठी भाषा बदलली. "म्हणजे, पाय कुठे आहेत यांचे?"

"नसतात, आई. तरंगतात."

"मग उलटे कसे असणार?"

याला उत्तर नव्हतं. त्या पुढे बोलतच होत्या. आमच्याकडे आरवलीचा वेतोबा रात्री गावात फिरतो, म्हणून लोक त्याला चपला वाहतात, हातभर लांब. त्या झिजतात. चपला झिजल्याशिवाय राखण झाली कशी म्हणायची? मुंजा पिंपळावर असतो. गिऱ्हा पाण्यात. देवचाराची हद्द ठरलेली असते, आणि त्याचं मानपान केलं की तो गाव सांभाळतो. "प्रत्येकाला पत्ता आहे. तुमची ही नुसतीच कळपाने का फिरतात?"

मी सांगू लागलो. ही साखळीवाली चेनरॅस्प, जिवंतपणी गुन्हेगार होती. नागाश नावाचा मृत्यूचा देव त्यांना बांधून राबवतो. हा कंदीलवाला गार्डियन ऑफ सोल्स, पडलेल्या भुतांना पुन्हा उभं करतो.

"म्हणजे भगत."

"तसं म्हणता येईल."

"पण आधी मेलेलीच आहेत ना? मग पडतात कशी?"

"लढाईत मरतात, आई."

"मेलेली?"

"हो."

"आणि तो परत आणतो?"

"काहींना."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. तापातला पेशंट बडबडत असला की अनुभवी नर्स अशी बघते. घाबरायचं काही नाही, पण अंगावरचं पांघरूण तेवढं नीट करावं.

मग त्यांनी ड्राय ब्रशिंग पाहिलं. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवायचा, मग तो किचन टॉवेलवर पुसून पुसून रंग जवळजवळ संपवायचा, आणि ब्रशात जो नुसता रंगाचा वास उरतो तो झग्याच्या चुण्यांवरून फिरवायचा. उंचवट्यांवर पांढरं धरतं, खळग्यांत हिरवट-निळं राहतं. तीन संध्याकाळी खपून माझी सात भुतं झाली होती, आणि सातही चुन्यात पडल्यासारखी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "आंबोळीच्या तव्यावरून तेलाची शेंडी फिरवतात तसं आहे हे. द्या इकडे." अर्ध्या तासात तेरा केली. हात न थरथरता. बायकोने फोटो काढला आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आईचा नवा छंद.' साडूंनी अंगठा दाखवला. माझ्या सातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

या फौजेत कुर्डॉस व्हॅलेंशियन म्हणून एक राजा आहे. सिंहासन आहे, मुकुट आहे, पण शिक्षा म्हणून कायमचा लेडी ओलिंडरच्या, म्हणजे बायकोच्याच, हाताखाली. त्याला मी अजून विकत घेतलेलं नाही, पण त्याची परिस्थिती मला कळते.

खरा घोळ झाला तो ड्रेडसाइद हॅरिडनमुळे. हातांच्या जागी कोयते असलेल्या बायका. सासूबाईंनी विचारलं, "ह्यांनी काय गुन्हा केला होता?" आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. काहीच नाही. जिवंतपणी त्या लोकांची शुश्रूषा करायच्या, जखमा बांधायच्या. नागाशने शिक्षा अशी दिली की त्याच हातांनी आता माणसं कापायची.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आयुष्यभर लोकांचं केलं त्याचं हे. पेन्शनसुद्धा नाही वाटतं?"

शनिवारी त्या माझ्यासोबत दुकानात आल्या. मी नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचा खेळ आहे, मी एका कोपऱ्यात बसेन." कोपरा म्हणजे माझ्या उजव्या कोपराला लागून. सोबत डबा. समोर तो अकरा वर्षांचा, नाकावर सरकणारा चष्मा आणि स्केव्हन. म्हणजे उंदीर. दोन पायांवर चालणारे, भाले घेतलेले, झुंडीने येणारे उंदीर.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "अगोबाई, मूषक!"

"आई, ते शत्रू आहेत."

"गणपतीचं वाहन आहे ते. त्यांच्या अंगावर भुतं घालणार तुम्ही? संकष्टी आहे आज."

त्यांनी डबा उघडून पोराला बेसनाचा लाडू दिला. मला नाही. पोराने तो एका घासात तोंडात कोंबला आणि डाव्या हाताने वीस उंदीर पुढे सरकवले, प्रत्येक इंच मोजून. मी फासे टाकायला हात उचलला तर सासूबाई म्हणाल्या, "थांबा. आधी गाऱ्हाणं घालायला हवं." आणि उभ्या राहिल्या. हात जोडले. भर दुकानात, रंगांच्या डब्यांच्या रांगेसमोर, इंग्लंडच्या मधोमध, खड्या मालवणीत:

"बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्यो परक्या मुलखातलो झील तुझ्या उंदरांका घेवन हय बसलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

आणि थांबल्या. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, इथे जमलेल्या मंडळींनी काहीतरी म्हणायचं असतं. जमलेल्या मंडळींत दाढीवाले चौघे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो दुकानातला पोरगा आणि मी. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गाऱ्हाणं अर्धवट सोडणं म्हणजे काय, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत शिकलोय.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"ह्या जावयाची भुतां आसत, ती आपआपल्या जाग्यार गप ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"कोणाक काय वाकडा-तिकडा झाला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"वाय महाराजा!" हा तिसरा प्रतिसाद त्या पोराचा होता. त्याला तालच आवडला होता. दाढीवाल्यांपैकी दोघेही चौथ्यांदा म्हणाले. थोडक्यात, माझ्या पराभवासाठी मी स्वतः दोनदा होकार भरला आणि बाकीचा दुकानाने.

भुतांची एक मोठी ताकद आहे. त्यांच्या बचावाच्या फाशावर समोरच्याच्या हत्याराचा काही परिणाम होत नाही. कुऱ्हाड कितीही धारदार असो, धुक्याला काय लागणार? हे वाचूनच मी ही फौज घेतली होती. ज्या घावांना बचावाचा फासाच टाकता येत नाही, त्यांच्याबद्दल मी पुढच्या पानावर वाचणार होतो. पोराने एक शिंगवाला, झगा घातलेला उंदीर पुढे आणला. ("हा पुजारी दिसतो," सासूबाई.) त्याने मंत्र टाकला, आणि माझी सहा भुतं बचावाचा फासा न टाकताच टेबलावरून उतरली. मग मी हल्ला करायचा म्हणून फासे टाकले; जितके पडतील तितके इंच पुढे धावायचं. एक आणि दोन. तीन इंच. समोरचे उंदीर सात इंचांवर. दोनाचा फासा पहिल्यांदा खाली पडला होता, म्हणून मी तो पुन्हा टाकला होता. सासूबाई म्हणाल्या, "खाली त्यावर पाच होतं."

"खाली पडलेला मोजत नाहीत, आई."

"पण पाच होतं."

पोरगा अदबीने म्हणाला, त्याची काही हरकत नाही, आजींचं पाच धरूया. दया दाखवली हो त्याने मला! पाच धरूनही पोचलो नाही.

मी हरलो याचं वाईट वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतं. दिवसभर ऑफिसात माझ्यापेक्षा लहान माणसं माझ्या कामावर शेरे मारतात. घरी आलो की मोठी माणसं मारतात. शनिवारचे दोन तास तरी असे असावेत की माझी माती माझी मी करीन, कुणी बघायला नसेल. तर तिथे लाडू, गाऱ्हाणं आणि प्रेक्षक. निघताना दुकानातला पोरगा मला म्हणाला, "पुढच्या वेळीही त्यांना आणा." मला या, असं म्हणाला नाही.

रविवारी फौज कपाटात लावताना एक हॅरिडन सापडत नव्हती. ती सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या गोळ्यांच्या डबीशेजारी उभी होती. दोन्ही कोयत्यांना मायक्रोपोरची, म्हणजे दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली, टोकं अगदी सफाईने दाबलेली. मी काही बोललो नाही, गुपचूप उचलून आणली. शनिवारी पुन्हा सामना आहे आणि शस्त्र दिसायला हवं.

दोनदा प्रयत्न केला. पट्टी निघत नाही, रंग निघतो.