‘विचारलंच नाही’ एवढं मात्र म्हणू नका, ताई

नमस्कार ताई,

आमच्या लॅबमधल्या टेस्टवरून आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. एक स्टार दिलात, तोही मान्य. आपण लिहिलंय, “साडेसहा हजार घेऊन ९० पदार्थांची टेस्ट केली, सगळं हिरवं आलं, आणि मग म्हणे स्टिरॉइडच्या गोळीमुळे आकडे कमी आले असतील. आधी विचारायला काय झालं होतं? पुन्हा टेस्ट करायला लावून पैसे काढायचा धंदा आहे.” गोळीचं आपणच इथे लिहिलंत म्हणून बोलतो, एरवी पेशंटची गोष्ट चारचौघांत काढली नसती.

आम्ही विचारलं होतं. फॉर्म आत्ता समोर आहे. सातवी ओळ : “कोई दवा चल रही है?” त्यापुढे निळ्या पेनाने, आपल्याच अक्षरात, “नहीं”. रविवार होता, सव्वानऊ वाजले होते. साहेबांनी खाली गाडी चालूच ठेवली होती आणि इथे इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे खायला जायचं म्हणून आपण दोनदा घड्याळ दाखवलंत. रिपोर्ट न्यायला आलात तेव्हा सहज म्हणालात, “दीड महिना प्रेडनिसोलोन चालू आहे, पण ती खाजेची गोळी, तिला काय औषध म्हणायचं!” ताई, तिलाच म्हणायचं. काउंटरवरच्या आमच्या मुलीने तोंडी पुन्हा विचारायला हवं होतं, ही आमची चूक. पण तेरा माणसं बाकावर होती.

पैसे काढायला कारण शोधलं असं वाटतंय, म्हणून सांगतो. कुठला पदार्थ बाधतो ते पाहायला म्हणून ही टेस्ट त्या-त्या पदार्थाविरुद्धच्या रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी (प्रतिकारयंत्रणेची प्रथिनं) मोजते. स्टिरॉइड शरीराची प्रतिकारयंत्रणा दाबून ठेवतं, त्यावरच तर खाज थांबते. तीच गोळी काही आठवडे पोटात गेली की आयजीजीही खाली येऊ शकतं. येतंच असं नाही, पण आलं तर हिरव्या, म्हणजे ‘बाधत नाही’च्या, रकान्याचा भरवसा काय? आणि दोन दिवस गोळी चुकवून येऊ का, असं आपण विचारलंत, तर तसं अजिबात करू नका. आयजीजी हळूहळूच बदलतं, निम्मं व्हायलाच तीन आठवडे लागतात, दोन दिवसांत काय बदलणार! शिवाय इतके दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत, माणूस गळून पडतो. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील, मी नाही.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, हे कदाचित दुधातली साखर न पचण्याचं असेल. तिथे ती साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, अँटिबॉडीचा संबंधच नसतो, म्हणजे गोळी नसती तरी ते या रिपोर्टात दिसलं नसतं. खरं तर आयजीजी वाढलं म्हणजे तो पदार्थ बाधतोच असंही नाही, तो खाण्यात आहे एवढंच बहुधा कळतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अशा प्रकारच्या टेस्टवर निदान करू नका म्हणून सांगितलंय. आमच्या रिपोर्टाखालीही तशी ओळ छापलेली असते. बारीक अक्षरात, कबूल. मग टेस्ट ठेवता कशाला, असं आपण म्हणाल. लोक मागतात, आणि रामबागेतल्या या गाळ्याचं भाडं मलाही भरायचं असतं.

१९ वर्षांपूर्वी स्कूटरवर घरोघरी फिरून सॅम्पल गोळा करत होतो. “धंदा” हा शब्द वाचून आमच्या घरात रात्री कोणी नीट जेवलं नाही.

फॉर्मवर स्टिरॉइडचा रकाना वेगळा टाकतोय, गणपती झाले की छापायला देऊ. तोंडीही विचारू, स्टाफला सांगितलंय. दुसऱ्यांदा टेस्ट करायचीच असेल तर निम्मे पैसे घेईन, त्याखाली किटचा खर्चही सुटत नाही. पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि येताना त्या गोळीची स्ट्रिप घेऊन या. सकाळी सातला उघडतो. रविवार सोडून आलात तर बरं.