‘एक्स-रे नॉर्मल, म्हणजे मानेला काही झालं नाही’? तसं नसतं

व्हॉट्सअॅपवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा: गाडीला मागून धडक बसून मान दुखली तर एक्स-रे काढा, तो नॉर्मल असेल तर काही झालेलं नाही, दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं तर ते नाटक, खात्री हवी तर एमआरआय, तोवर पंधरा दिवस पट्टा.

एक्स-रेत हाडं दिसतात. लचक भरते ती स्नायूंत आणि लिगामेंटमध्ये (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांत), ती तिथे दिसणारच नाही. ‘मानेचा कर्व्ह (नैसर्गिक बाक) गेलाय’ या शेऱ्यानेही घाबरू नका. फोटो काढताना हनुवटी जरा खाली असली तरी मान सरळ दिसते.

एक्स-रे कुणाचा काढायचा यासाठी 2001 साली प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सी-स्पाइन (म्हणजे मानेचा मणका) नियम आहे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर हवा. वय 65 किंवा जास्त, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, गाडीतून बाहेर फेकलं जाणं, हातापायांना मुंग्या, यांपैकी काहीही असेल तर फोटो हवाच, आणि तोवर मान हलवायची नाही. यातलं काही नसेल आणि धडक मागून बसलेली साधी असेल, तर डॉक्टर मान दोन्हीकडे 45 अंश वळवायला सांगतात. वळली तर एक्स-रे लागत नाही. गंमत म्हणजे दुखणं उशिरा सुरू होणं ही या नियमात दिलाशाची खूण आहे. लचकेत सूज आणि आखडणं काही तासांनी वाढतं. रात्री ठीक वाटलेली मान सकाळी धरते. यात नाटक कुठे आलं?

एमआरआयचं म्हणाल तर जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या 1211 जणांचा तो काढला, तेव्हा 87.6 टक्के लोकांत मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली निघाली (2015). रिपोर्टमधलं ‘बल्ज’ (गादीचा फुगवटा) हेच दुखण्याचं कारण, असं त्यामुळे म्हणता येत नाही. नस दबली आहे का, हे आधी तपासणीत कळतं: मुंग्या अंगठ्याकडे गेल्या तर बहुधा मानेतली सी-6 क्रमांकाची नस, मधल्या बोटाकडे सी-7, करंगळीकडे सी-8. सोबत हाताची ताकद आणि रिफ्लेक्स पाहायचे. त्यात दोष निघाला, तर एमआरआयला अर्थ.

हाड मोडलेलं नसेल तर पंधरा दिवसांच्या पट्ट्याने मान आणखी आखडते. दुखणं सोसेल इतपत ती पहिल्या दिवसांपासून हळूहळू फिरवावी. सलूनमध्ये कडकन मोडून मात्र घेऊ नये. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.