म्हणे वावरात राबणाऱ्या पोरीला पीसीओडी होत नाही!

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पीसीओडी, म्हणजे हार्मोनच्या बिघाडानं पाळी मागेपुढे होणं, हा शहरातल्या बसून खाणाऱ्या पोरींचा आजार, चार-सहा महिने पाळी आली नाही तरी काही बिघडत नाही, लग्न होऊन लेकरू झालं की तो आपोआप जातो आणि नाहीच गेला तर गर्भपिशवी काढून टाकावी, असं त्यात म्हटलंय.

निंदण-वेचणी करणारी, अंगानं काटकुळी पोरगीही यातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायांना हा त्रास असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायांचं निदानच झालेलं नसतं. मेहनतीचा फायदा आहेच, पण आजार घराण्यातूनही येतो. गावात तो दिसत नाही, कारण कोणी पाहत नाही. या आजारात हनुवटीवर येणारे केस पदराआड राहतात, आणि सोनोग्राफीला तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

पाळीबद्दलचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. ऐन वेचणीत पाळी चुकली तर बाईला सुटल्यासारखं वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण आत काय होतं ते पाहा. बीज बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन हे पाळी आणणारं हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र पिशवीचं अस्तर जाड करत राहतं. ते महिनोनमहिने साचलं की कधीतरी धो-धो अंगावरून जातं, रक्त कमी होतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तरुण वयात हा कॅन्सर विरळाच, घाबरायचं कारण नाही. पण तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टरांना दाखवा. दिवस गेलेले नाहीत ना हे बघून ते गोळ्यांनी पाळी आणतात.

लेकरू झाल्यावर आजार जातो, या समजाला थोडा आधार आहे. वय वाढतं तशी काही जणींची पाळी नियमित होते. पण शरीर साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला नीट दाद देत नाही, ही मूळ खोड बहुतेकींमध्ये राहतेच. म्हणून गरोदरपणात साखर वाढू शकते, पुढे मधुमेह आणि रक्तदाब मागे लागू शकतात. गावातली सरकारी साखर-तपासणी ३० वर्षांपुढच्यांची. बावीस वर्षांची सून त्या यादीत येतच नाही, तिनं आशाताईला सांगून ती मागून घ्यावी.

पिशवी काढायचं तर बोलूच नका. बिघाड हार्मोनचा आहे. पिशवी गेली की पाळी थांबते, साखर तशीच राहते.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच. चौदा वर्षांच्या पोरीला नुसत्या सोनोग्राफीवरून कोणी पीसीओडी ठरवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.