‘बसून पगार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कामावर जखमी होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या विशेष विकलांगता रजेवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘एक नाशिककर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेख भावनेच्या भरात लिहिलाय. नियमाचा क्रमांक चुकलाय. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपन्यांतल्या कंत्राटी पोरांना काय मिळतं यावर मी एक अक्षर लिहिलं नाही. नियम आहे तर अर्ज करावा, रडू नये. आणि शेवटी हे वाक्य : ‘सरकारी माणसाला बसून पगार मिळाला की त्याचं दुखणं लांबतंच.’

दोन दिवस गप्प बसले. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

आधी माझी चूक. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अपघाती दुखापतीसाठी नियम 76 आहे. नियम 75 कुणी जाणूनबुजून केलेल्या इजेसाठी, म्हणजे वसुलीला गेलेल्या कर्मचाऱ्याला मारहाण झाली तर लागू होतो. मी दोन्हींना 75 म्हटलं. ते चुकलंच, लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. मात्र दिवसांचा आणि पगाराचा हिशेब दोन्हीकडे तोच आहे, त्यामुळे लेखातल्या मुद्द्याला धक्का लागत नाही.

आता तुमच्या भाषेबद्दल. तुम्ही माझ्याशी वाद घालू शकला असता. ‘इतके दिवस जास्त होतात’, ‘तपासणी कडक हवी’ असं म्हणाला असता तर मी आनंदाने बोलले असते. तुम्ही ‘रडायचं कशाला’ असं लिहिलंत. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याच्या वडिलांच्या दुखण्याबद्दल असं लिहिता येतं, याचं मला वाईट वाटलं. लेखात माझ्या वडिलांचा उल्लेख होता, तो तुम्ही वाचला होता.

‘बसून’ म्हणजे काय ते सांगते, कारण मी ते पाहिलंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कार्यालयात वायरमन होते. कार्यालयाचं नाव लिहिणार नाही. जून 2008, मी नुकतीच अकरावीत गेले होते. पहिल्याच पावसात खांबावरचं काम करताना शिडी घसरली आणि अण्णा उभेच्या उभे खाली आले. दोन्ही टाचांची हाडं मोडली. एक पाय मोडला तर माणूस कुबडी घेऊन लंगडत तरी जातो. दोन्ही टाचा गेल्या की पाय जमिनीला टेकवताच येत नाही. पंचवटीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि संडास भारतीय पद्धतीचा. आईने सुताराकडून लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं. ती खुर्ची संडासावर ठेवायची, मी आणि आईने दोन्ही काखांत हात घालून अण्णांना उचलायचं आणि त्यावर बसवायचं. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसले होते. सोळा वर्षांच्या मुलीने बापाला असं उचलायचं! हे ते ‘बसणं’.

एक्स-रे काढायला न्यायचं तर शेजारचे चौघे त्यांना खुर्चीसकट जिना उतरवायचे. सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार सगळीकडे पाणी शिरलं. अण्णा पलंगावरून दर तासाला विचारत होते, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलंय. पुराची काळजी होतीच, पण त्याहून जास्त, ‘पोरं आता खांबावर असतील’ ही होती. संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, मला नुसतं ऑफिसात नेऊन बसवा, निदान फोन तरी घेतो. प्लास्टर काढून पुरते आठ दिवस झाले नव्हते. दुखणं लांबवणारा माणूस असा असतो का?

आणि पगाराचं म्हणाल तर ते ऐका. अण्णा 148 दिवस घरी होते. नियमाप्रमाणे पहिले 120 दिवस अर्जित रजेइतकं (म्हणजे नोकरीत साठत जाणाऱ्या भरपगारी रजेइतकं), पूर्ण रजा वेतन मिळायला हवं होतं. त्यापुढे अर्धवेतनी रजेच्या दराने. एका दुखापतीला एकूण कमाल मर्यादा 24 महिने. हे दिवस निवृत्तिवेतनासाठी सेवेत धरले जातात आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या रजा खात्यातून वजा होत नाहीत. सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. अण्णांना या रजेचं नावसुद्धा कुणी सांगितलं नाही. आस्थापना शाखेतून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराचं काम बघणाऱ्या शाखेतून, घरी कागद आला, ‘रजेच्या अर्जावर सही करा’. त्यांनी सही केली. 112 दिवस अर्जित रजा, 36 दिवस परिवर्तित. परिवर्तित म्हणजे अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून घेणं, त्यासाठी अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस जातात, म्हणजे तिथून 72 गेले.

घरी तेव्हा काहीच कळलं नाही, कारण पगार येत होता. कळलं 2012 ला, निवृत्तीच्या वेळी. न वापरलेल्या अर्जित रजेचं रोखीकरण, म्हणजे तिचे पैसे, 300 दिवसांपर्यंत मिळतं. अण्णांच्या खात्यावर निघाले 168. सेवापुस्तकातलं ते रजेचं पान मी पाहिलंय. जून 2008 च्या समोर लाल शाईत 112 आणि शेजारी अण्णांची सही, झोपून केलेली, ओळीच्या खाली घसरलेली. सरकारच्या खांबावरून पडलेल्या माणसाने आपल्या दुखण्याचा पगार स्वतःच्या साठवलेल्या रजेतून भरला. त्याला तुम्ही बसून पगार म्हणता.

मीही गेली दहा वर्षं दुसऱ्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. म्हणजे मी हे घरून पाहिलंय आणि टेबलामागूनही पाहतेय. तुम्हाला वाटतं तशी ही रजा मागितली की मिळत नाही. विकलांगता घटनेपासून तीन महिन्यांत दिसून आलेली असावी लागते, ती तातडीने कळवलेली असावी लागते, वैद्यकीय प्रमाणपत्रात लिहिलेल्या दिवसांच्या पलीकडे एक दिवस जात नाही. अपघाताच्या प्रकरणात दुखापत कामामुळेच झाली हे दाखवावं लागतं. एका वाहनचालकाचा प्रस्ताव मी स्वतः केला होता. दोनदा त्रुटी लागून परत आला आणि मंजुरीला सात महिने लागले. तोवर त्या माणसाने सोसायटीचं कर्ज काढलं होतं. ‘अर्ज करायचा’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत.

राहिले कंत्राटी कामगार. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, आणि प्रत्येक लेखात प्रत्येकाबद्दल लिहिता येत नाही. तरी सांगते. 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआयसीकडून (कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून) तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजाच्या सुमारे 90 टक्के मिळतात, आणि त्यासाठी त्याची स्वतःची रजा जात नाही. म्हणजे कागदावर तरी तुमचा सातपूरचा पोरगा माझ्या वडिलांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. ज्यांचा विमाच नाही त्यांच्यासाठी 1923 चा भरपाई कायदा होता, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम दर पंधरा दिवसांनी मिळायची. हा कायदा पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला. त्याच कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकलेली होती. त्यावर कधी तरी सवडीने लिहीन. पण एकाला कमी मिळतं म्हणून दुसऱ्याचं काढून घ्या, हा कुठला न्याय? कंत्राटी पोरांचा एवढा कळवळा असेल तर त्यांच्यासाठी मागा ना.

‘भावनेच्या भरात’ याला मी उत्तर देत नाही. वडिलांबद्दल लिहिताना भावना येणारच.

अण्णा आज 72 वर्षांचे आहेत. थंडी पडली की दोन्ही टाचा धरतात, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंतीला हात लावून टाकतात. तुमची प्रतिक्रिया त्यांनी माझ्याआधी वाचली, कारण ब्लॉगवर काही आलं की आधी ते बघतात. मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त विचारलं, ‘ते नियमाचं दुरुस्त केलंस का?’

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण तुमच्या खऱ्या नावाने.